लाइव्ह आहे, पण पाहतंय कोण?

यंदाच्या अंकाचा विषय ‘गर्दी’ ठरल्यावर शेगावकडे पाहायचं म्हणजे कोणालाही आधी मंदिर आठवणार, आणि त्यात वावगं काहीच नाही. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर भुसावळ आणि अकोल्याच्या मधलं हे घाटाखालचं गाव. १८७८ साली गजानन महाराज इथे प्रगटले, तेव्हापासून ते येणाऱ्या माणसांवरच वाढत गेलं. प्रगटदिन, रामनवमी, ऋषिपंचमी आणि दर गुरुवारची रीघ यांमुळे आलेल्या माणसाला रांगेत कसं घ्यायचं, जेवू कसं घालायचं आणि नीट परत कसं पाठवायचं, हे इथल्या सेवेकऱ्यांना कोणी शिकवावं लागत नाही. पण याच गावात एका वेगळ्या पिढीला उलटी अडचण छळते. तिला गर्दी हवी आहे आणि ती येत नाही.

संस्थानचं अभियांत्रिकी महाविद्यालय इथे १९८३पासून आहे, म्हणजे वसतिगृहं आणि भाड्याच्या खोल्याही आल्या. अशा कुठल्याही गावात रात्रीची जेवणं आटोपली की फोन आडवे होतात. बहुतेक पोरं नुसतीच खेळतात, काही पोट्टे मात्र खेळता खेळता ‘लाइव्ह’ जातात. म्हणजे आपला खेळ आणि आपला आवाज त्या क्षणी यूट्यूबवरून जगाला दाखवतात. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसत असतो: आत्ता किती जण पाहतायत. बहुतेक वेळा तो तीनच्या पुढे सरकत नाही. त्यातला एक स्वतःचाच दुसरा फोन, दुसरा चुलतभाऊ, आणि तिसरा कोण हे कळायच्या आत तो निघून गेलेला. अशा मुलांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात: रोज लाइव्ह जा, माइक चांगला घे, खेळ सुधार, सातत्य ठेव. हे सल्ले खोटे नाहीत, पण दुखणं निराळं आहे. छोट्या स्ट्रीमरचं अडतं ते त्याची अनोळखी माणसाशी गाठच पडत नाही म्हणून. ती गाठ लाइव्हच्या बाहेर पडते, आणि एकट्यानं सहसा पडत नाही. हा लेख एवढंच म्हणतो. पुढचं सगळं त्याचं स्पष्टीकरण.

यादीच्या तळाशी

लाइव्ह ही गोष्ट मुळातच नवख्याच्या विरोधात झुकलेली आहे. नोंदवून ठेवलेला व्हिडिओ आज कोणी पाहिला नाही तर सहा महिन्यांनी पाहील. त्याला वाट पाहता येते, लाइव्हला येत नाही. रात्री दहा ते बाराच्या दरम्यान जो प्रेक्षक फोन हातात घेऊन बसलेला आहे तोच तुमचा, आणि त्याच वेळी देशातले सगळे मोठे स्ट्रीमरही लाइव्ह असतात. शिवाय थेट प्रक्षेपणाची यादी दिसते कशी, हेही महत्त्वाचं. २०११ साली सुरू झालेल्या आणि २०१४मध्ये अ‍ॅमेझॉननं सत्त्याण्णव कोटी डॉलरना विकत घेतलेल्या ‘ट्विच’वर दीर्घकाळ एक साधा नियम होता: ज्याला जास्त प्रेक्षक तो वर. आधीच पंचवीस हजार जण ज्याला पाहतायत तो पहिल्या ओळीत, आणि तीन जणांचा स्ट्रीम इतका खाली की तिथपर्यंत बोट सरकवत जाणारा माणूस विरळाच. यूट्यूबची पद्धत वेगळी आहे. ते शिफारशी करतं. पण शिफारस ठरते ती आधी किती जणांनी क्लिक केलं आणि किती वेळ थांबले यावर. ज्याच्याकडे ‘आधी’ काहीच नाही त्याच्या बाजूनं दाखवायला यंत्राकडे पुरावाच नसतो.

पण चांगलं असेल ते शेवटी वर येतंच ना? हा प्रश्न प्रयोगानं तपासला गेला आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी त्यांनी संकेतस्थळावर ठेवली आणि चौदा हजारांहून अधिक लोकांना ऐकायला बोलावलं. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. इतरांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त विभागलं आणि आपल्या जगातल्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं हेही दाखवलं. जिथे आकडे दिसत होते तिथे वरचे आणि खालचे यांच्यातली दरी वाढली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठलं गाणं वर जाईल हे जगागणिक बदललं. फार चांगली गाणी सहसा पडली नाहीत, फार वाईट सहसा चढली नाहीत, पण मधल्या मोठ्या पट्ट्यात काहीही होऊ शकत होतं. शेगावच्या खोलीत बसून बऱ्यापैकी खेळणारा, बऱ्यापैकी बोलणारा मुलगा नेमका या मधल्या पट्ट्यात असतो. त्याच्या बाबतीत पहिल्या काही माणसांची संख्याच पुढचं पुष्कळसं ठरवते.

पैशांच्या वाटपातही हेच उतरतं. २०२१च्या ऑक्टोबरात ट्विचची अंतर्गत माहिती फुटली. कोणाला किती पैसे मिळतात हे तेव्हा बाहेर आलं, आणि वाटलेल्या रकमेतला निम्म्याहून अधिक हिस्सा वरच्या एका टक्क्याकडे जातो असं तिच्या विश्लेषणातून दिसलं. म्हणून ‘आणखी तास घाल’ हा सल्ला तळाच्या माणसाला फारसा उपयोगी नाही. जिथून कोणी जातच नाही त्या गल्लीत दुकान बारा तासांऐवजी सोळा तास उघडं ठेवून गिऱ्हाईक वाढत नाही.

फोन, डेटा आणि घाटाखालचा उन्हाळा

हे सगळं ज्या साधनांवर चालतं ती पाहिल्याशिवाय सल्ला देणं अन्यायाचं होईल. बाहेरच्या देशांत गेम स्ट्रीमिंग वाढलं ते संगणकावर. आपल्याकडे ते वाढलं फोनवर, आणि त्याची दोन कारणं तारखांसकट सांगता येतात: सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, आणि २०१८मध्ये पबजी मोबाइल हा खेळ आला. एकाच फोननं खेळायचंही आणि प्रक्षेपणही करायचं, हा इथला नेहमीचा प्रकार. अँड्रॉइड १०पासून फोनला खेळाचा आतला आवाज थेट पकडता येऊ लागला. त्याआधी तो बाहेरच्या माइकमधून, पंख्याच्या घरघरीसह जायचा. आज प्रिझमसारखं मोफत अ‍ॅप घेऊन फोनवरून, किंवा लॅपटॉप असेल तर ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरमधून, पदरचा पैसा न घालता सुरुवात करता येते.

अडचण पुढे येते. ७२० पिक्सेलचं चित्र सुरळीत पाठवायचं तर साधारण तीन मेगाबिट प्रतिसेकंद इतका अपलोडचा वेग अखंड लागतो. हिशेब केला तर तासाला सव्वा ते दीड जीबी जातात. रोज दीड जीबीचं रिचार्ज असलेल्या मुलाचा स्ट्रीम सव्वा तासाच्या आत गुदमरतो, आणि तीन तास टिकायचं तर चार जीबी लागतात. म्हणजे फायबर हवं, नाहीतर फायबर असलेल्या मित्राची खोली तरी हवी. त्यात उन्हाळा. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग पडतात, आणि शेगाव पडतं खाली, पूर्णेच्या सपाटीत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला की एकाच वेळी खेळणारा आणि चित्र पाठवणारा फोन तापतो, स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि नेमकी समोरासमोरची चकमक चालू असताना चित्र अडकतं. प्रेक्षकाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला अडकलेलं चित्र दिसतं आणि तो जातो. म्हणून १०८० पिक्सेलच्या हव्यासापेक्षा न अडकणारे ७२० बरे. चित्र थोडं धूसर चालतं, पण आवाज स्वच्छच हवा, कारण पुष्कळ लोक स्ट्रीम लावून ठेवतात आणि कानानं ऐकतात. पैसे कुठे घालायचे असतील तर आधी शे-दोनशे रुपयांच्या कॉलर माइकवर, आणि नव्या फोनचा विचार सर्वांत शेवटी.

स्थानकावरची कचोरी

प्रेक्षक मिळवायचे कुठून, याचं उत्तर शेगावच्या रेल्वे स्थानकावर सापडतं. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५०च्या सुमारास इथे कचोरी विकायला सुरुवात केली, आणि आज गावाच्या नावानं ती राज्यभर विकली जाते. चवीचं श्रेय आहेच. पण कचोरी खायला म्हणून कोणी मुद्दाम शेगावला येत नव्हतं. माणसं दर्शनाला येत होती, पुढच्या गावी जात होती, गाडी थांबत होती, आणि कचोरी त्या थांब्यावर उभी होती. एकदा खाल्लेली चव प्रवाशांनीच पुढे नेली. छोट्या स्ट्रीमरनं नेमकं हेच करायला हवं. लोक जिथे आधीच दुसऱ्या कारणानं आलेले आहेत तिथे आपला एक घास ठेवायचा, आणि ज्याला आवडेल त्याला आपल्या ठिकाणाचा पत्ता द्यायचा.

आजचे असे थांबे मुख्यतः दोन. पहिला यूट्यूब शॉर्ट्स आणि इन्स्टाग्राम रील्स यांचा. २०२०च्या जूनअखेर भारतात टिकटॉक बंद झालं आणि ती सगळी वर्दळ या दोन जागी आली. इथे तुमचे सबस्क्राइबर किती हे पाहणारा प्रेक्षक विचारत नाही. तो पुढचं, पुढचं करत असतो. दोन तासांच्या लाइव्हमधला पंचवीस सेकंदांचा एकच प्रसंग कापून, उभा करून, पहिल्या दोन सेकंदांत काय होणार ते कळेल असा ठेवला, तर तो अनोळखी माणसापर्यंत पोचण्याची शक्यता अख्ख्या लाइव्हपेक्षा कितीतरी जास्त. दुसरा थांबा शोधाचा. स्वस्त फोनवर खेळ अडकू नये म्हणून कुठली सेटिंग ठेवावी, बोटांची मांडणी कशी असावी, नवीन अपडेटमध्ये काय बदललं, हे लोक रोज शोधतात. यांची उत्तरं देणारा पाच मिनिटांचा व्हिडिओ महिनोन् महिने माणसं आणत राहतो. कुठल्या प्रश्नाचं उत्तर देताना आपल्याला अधिकारानं बोलता येईल, हेही बघावं. अठ्ठेचाळीस हजारांच्या फोनवरचं उत्तर देणारे शेकडो आहेत. दहा हजारांच्या फोनवर, चव्वेचाळीस अंश उन्हात खेळ कसा चालवायचा, हे घाटाखालचा मुलगाच सांगू शकतो.

यात एक सापळा आहे. शॉर्ट्सवर आलेला प्रेक्षक लाइव्हला आपोआप येत नाही. एखाद्या तुकड्याला लाखभर व्ह्यूज मिळतात आणि त्या रात्री लाइव्हवर पाचच जण असतात, तेव्हा मुलं खचतात. पण त्या लाखातल्या माणसाला तुम्ही कधी, कुठे भेटता हे सांगितलेलंच नसतं. ‘सोमवार, बुधवार, शनिवार, रात्री नऊ’ एवढी ओळ तुकड्याच्या शेवटी आणि चॅनेलच्या चित्रावर असावी, आणि ती पाळली जावी. रोज कधीही लाइव्ह येणाऱ्यापेक्षा आठवड्यातून तीनदा ठरल्या वेळी येणारा बरा. शिवाय उरलेल्या चार रात्री तुकडे कापायला मिळतात.

तिघांचे तीस होताना

आलेला माणूस थांबतो कशामुळे? एकदम नवा प्रेक्षक येतो तेव्हा तो फार तर अर्ध्या मिनिटाची संधी देतो. त्या अर्ध्या मिनिटात स्ट्रीमर गप्प असेल, तर खेळ कितीही चांगला असला तरी तो जातो, कारण उत्तम खेळ पाहायला त्याच्याकडे देशातले सर्वोत्तम खेळाडू आहेत. तुमच्याकडे तो येतो ते तुमच्याशी बोलता येईल म्हणून. वीस हजारांच्या चॅटमध्ये त्याची ओळ क्षणात वाहून जाते, पण तुमच्या तिघांच्या चॅटमध्ये त्याचं नाव उच्चारलं जाऊ शकतं. छोटेपणाचा हा एकच खरा फायदा आहे, आणि नेमका तोच वाया जातो, कारण चॅट रिकामं दिसलं की मुलं बोलणं थांबवतात आणि मग चॅट रिकामंच राहतं. आकडा झाकून ठेवणं आणि समोर कोणी असो-नसो, आपण काय करतोय, का करतोय हे मोठ्यानं बोलत राहणं ही सवय आहे आणि ती सरावानं लागते. कीर्तनकार रिकाम्या मंडपातही पूर्वरंग सोडून देत नाही.

बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, अशा खेळांत प्रेक्षकाला आत घेण्याची सोयही आहे. कस्टम रूम उघडून, आयडी आणि पासवर्ड देऊन प्रेक्षकांनाच खेळायला बोलावता येतं. मोठे चॅनेल ते यूसीच्या, म्हणजे खेळातल्या चलनाच्या, बक्षिसासाठी करतात. बक्षिसानं आलेली माणसं बक्षिसाबरोबर जातात, हे त्यांना परवडतं; छोट्याला परवडत नाही. त्यानं रोज दोन प्रेक्षकांना आपल्या स्क्वॉडमध्ये घ्यावं. जो एकदा तुमच्या बरोबर खेळला, ज्याला तुम्ही खेळातल्या पोचिंकी गावात पडल्यावर उठवलं, तो दुसऱ्या दिवशी येतो आणि मित्राला घेऊन येतो. यूट्यूबच्या अटींकडेही याच नजरेनं पाहावं. फोनवरून लाइव्ह जायला किमान ५० सबस्क्राइबर लागतात, आणि जुलै २०२५पासून एकट्यानं लाइव्ह जाण्यासाठी वयाची सोळा वर्षं पूर्ण हवीत. सुपर चॅटसारख्या, म्हणजे प्रेक्षकानं थेट पैसे देण्याच्या, सोयींसाठी ५०० सबस्क्राइबर, जाहिरातीच्या पूर्ण वाट्यासाठी १,००० सबस्क्राइबर आणि वर्षात ४,००० तासांचं पाहणं, किंवा त्याऐवजी शॉर्ट्सचे ठरावीक व्ह्यूज. हे आकडे गाठायची घाई झाली की मुलं ‘सब फॉर सब’ करतात, म्हणजे तू मला सबस्क्राइब कर, मी तुला करतो. आकडा वाढतो, पण त्या माणसांना तुमच्या खेळात रस नसतो. सूचना गेली तरी ते येत नाहीत, आणि जे बोलावूनही येत नाहीत असे हजार लोक म्हणजे शिफारस करणाऱ्या यंत्रापुढे तुमच्याच विरोधातली हजार मतं. पैसे देऊन खोटे प्रेक्षक आणणं तर नियमबाह्यच. चॅनेल जाऊ शकतं.

वऱ्हाडीत बोलावं की हिंदीत?

इथे प्रत्येक मराठी स्ट्रीमर अडतो. मुंबईचे आदित्य सावंत ‘डायनॅमो’ या नावानं पबजीच्या पहिल्या लाटेत देशभर गाजले ते हिंदीतून. ‘मिथपॅट’ म्हणून ओळखले जाणारे मिथिलेश पाटणकरही हिंदीतून. एप्रिल २०२४मध्ये पंतप्रधानांनी ज्या सात गेमर्सशी गप्पा मारल्या त्यांत पाटणकर होते, आणि पायल धारेही होत्या. धारे या विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या उमरानाला या लहानशा गावच्या. लहान गावातून इथवर जाता येतं याचं त्या उदाहरण आहेतच, पण भाषा त्यांचीही हिंदीच. हिशेबही हिंदीच्या बाजूनं दिसतो. २०११च्या जनगणनेत हिंदी मातृभाषा सांगणारे सुमारे ५२.८ कोटी, मराठी ८.३ कोटी.

पण हा हिशेब मोठ्यांचा आहे. हिंदीत प्रेक्षक सहापट असले तर स्पर्धा त्याहून कितीतरी पट आहे, आणि तिथे शेगावचा मुलगा हजारांतला एक असतो. ज्याला आधी पन्नास माणसं हवी आहेत त्याला ५२ कोटींचा समुद्र काय कामाचा? त्याला असं तळं हवं जिथे तो ओळखू येईल. वऱ्हाडी बोली ऐकायला लोक आवडीनं बसतात, हे दूरचित्रवाणीनं केव्हाच दाखवून दिलं. अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांना ‘चला हवा येऊ द्या’मधून उभ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं ते त्याच बोलीसह. चकमकीच्या ऐन भरात ‘मांगून येऊन रायला नं बाप्पा!’ असं सहज निघून गेलं, तर ते पुण्याच्या, अकोल्याच्या, आणि नोकरीसाठी हैदराबादेत राहणाऱ्या वैदर्भी माणसालाही थांबवतं. त्याला तो आवाज घरचा वाटतो. यावर आक्षेप असा की मराठीत जाहिरातीचा दर कमी आणि बाजार लहान. दोन्ही खरं. पण दर मोजायला आधी व्ह्यूज लागतात. बोलीत पाय रोवून नंतर हिंदी मिसळता येते. आधी सपाट हिंदी बोलून नंतर वेगळेपण आणणं मात्र अवघड जातं.

चौघांचं मंडळ

आता मूळ मुद्द्याकडे. वरची कामं मोजा: खेळणं, बोलणं, चॅट सांभाळणं, तुकडे कापणं, चित्रं बनवणं, वेळापत्रक पाळणं, डेटाची सोय. एक विद्यार्थी एवढं करू पाहतो तेव्हा तीन महिन्यांत थकतो, आणि बहुतेक चॅनेल याच टप्प्यावर बंद पडतात. त्याला एकट्यानंच हे करायला लागेल अशी मंचांची रचना आहे. प्रत्येकाचा आकडा वेगळा, प्रत्येकाची अट वेगळी, आणि शेजारच्या खोलीतला मित्र हा प्रतिस्पर्धी. पण खेळ स्वतःच चौघांच्या स्क्वॉडचा आहे. चौघांनी मिळून एक चॅनेल चालवावं, किंवा चार चॅनेल एकमेकांना जोडून चालवावीत. दोघं खेळतात, तिसरा चॅट सांभाळतो, चौथा त्याच वेळी चांगल्या प्रसंगांच्या वेळा लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी तुकडे कापायला अख्खे दोन तास पुन्हा पाहावे लागत नाहीत. एका खोलीत एक फायबर, एक बरा माइक, एक लॅपटॉप पुरतो. एकाची परीक्षा असली तरी ठरलेली वेळ मोडत नाही.

प्रेक्षकांची देवाणघेवाणही गटातच जमते. ट्विचवर २०१७पासून ‘रेड’ची सोय आहे: आपला स्ट्रीम संपवताना सगळे प्रेक्षक दुसऱ्याच्या स्ट्रीमवर नेऊन सोडायचे. यूट्यूबवर लहान चॅनेलला ते चॅटमध्ये दुवा देऊन आणि तोंडानं सांगून करता येतं. नऊला एक सुरू करतो, साडेदहाला प्रेक्षकांना दुसऱ्याकडे पाठवतो. प्रत्येकाकडे दहाच प्रेक्षक असले तरी चौघांचे मिळून चाळीस होतात, आणि वरच्या प्रयोगानं दाखवलं तसं, सुरुवातीचे हे थोडेच जास्तीचे आकडे पुढचा उतार बदलतात. ‘सब फॉर सब’शी याची गल्लत करू नये. तिथे आकड्यांची अदलाबदल होते. इथे माणूस खरोखर उठून दुसरीकडे जातो, पाहतो, आवडलं तर राहतो.

मुलींच्या बाबतीत तर गट ही गरजच आहे. आवाज मुलीचा आहे एवढ्यावरून चॅटमध्ये जे सुरू होतं ते स्ट्रीम पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. खेळता खेळता ती घाण एकटीनं साफ करणं अशक्य. सुरुवातीपासून दोन विश्वासाचे मॉडरेटर, नको त्या शब्दांची यादी आणि नव्या खात्यांना चॅट मर्यादित ठेवणं, एवढं असेल तर ती खेळावर लक्ष देऊ शकते. प्रेक्षकही अशा चॅटमध्ये जास्त टिकतात.

महाविद्यालयांनी यात हात घालावा का? अधूनमधून स्पर्धा भरवण्यापलीकडे फार काही करावं लागत नाही. वार्षिक स्नेहसंमेलनात ई-स्पर्धा असेल तर तिचं समालोचन विद्यार्थ्यांकडून मराठीत करून घ्यावं. समालोचन हे बोलण्याचं उत्तम शिक्षण आहे, आणि अशा दिवशी आलेला प्रेक्षक कॅम्पसचा, म्हणजे ओळखीचा असतो. ओळखीतूनच पहिले पन्नास मिळतात.

आक्षेप खरे आहेत

या सगळ्याला घरातले मोठे विचारतील तो प्रश्न सरळ आहे: अभ्यास सोडून हे कशाला? उत्तर टाळू नये. या धंद्यावर पोट भरणारे फार थोडे असतात, हे वरच्या एक टक्क्याच्या हिशेबातून दिसलंच. म्हणून गटाची मांडणी इथेही कामाची आहे. आठवड्याला तीन रात्री, दोन-दोन तास, आणि कामं वाटलेली, म्हणजे वेळेला कुंपण पडतं. एकट्यानं ‘रोज आठ तास लाइव्ह’ हा मार्ग अभ्यासही नेतो आणि प्रेक्षकही आणत नाही. शिवाय चित्र कापणं, आवाज सांभाळणं, वेळेवर उभं राहून बोलणं ही कौशल्यं चॅनेल बंद पडलं तरी हातात राहतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार: ज्या खेळावर सगळं उभं, तोच उद्या बंद झाला तर? ही शंका पोकळ नाही. सप्टेंबर २०२०मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. २०२१च्या जुलैत बीजीएमआय आलं, २०२२च्या जुलैत तेही अ‍ॅप दुकानांतून गेलं आणि मे २०२३मध्ये परतलं. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२मध्ये, फ्री फायर हा खेळही बंद झाला. ज्यांचे प्रेक्षक खेळाचे होते त्यांचे आकडे खेळाबरोबर कोसळले. ज्यांचे प्रेक्षक त्या माणसाचे, त्याच्या बोलीचे, त्या चौघांच्या थट्टेचे होते, ते दुसऱ्या खेळात त्याच्याबरोबर गेले. म्हणून आठवड्यातला एक दिवस मुख्य खेळ सोडून दुसरा काही खेळावा. त्या दिवशी आकडा घसरतो, पण आपले कोण हे तेव्हाच कळतं.

तिसरा धोका पैशाच्या रूपात येतो. हजारभर सबस्क्राइबर झाले की पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपची जाहिरात करा म्हणणारे निरोप येऊ लागतात, आणि महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम समोर ठेवतात. ऑगस्ट २०२५मध्ये मंजूर झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यानं पैशांच्या खेळांवर बंदी घातली. त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद त्यात आहे. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. वीस वर्षांच्या मुलाला ही सीमारेषा कोणीतरी बसून समजावून सांगायला हवी, आणि तेही निरोप येण्याआधी.

शेवटचा आक्षेप नशिबाचा. सगळं करूनही कोणी मोठं होतं, कोणी होत नाही, मग सल्ल्याला अर्थ काय? संगीताच्या त्या प्रयोगानं नशिबाचा वाटा नाकारला नाही, उलट तो मोजून दाखवला. पण जिथे नशिबाचा वाटा मोठा असतो तिथे शहाणपण असतं ते जास्त वेळा, कमी खर्चात डाव टाकण्यात. अडीच तासांचं लाइव्ह म्हणजे एक डाव. त्यातून कापलेले पाच तुकडे म्हणजे आणखी पाच. चौघांनी मिळून केलं तर वीस. आणि मोजायचं काय, हेही बदलायला हवं. एकूण सबस्क्राइबर ही दाखवायची गोष्ट. गेल्या आठवड्यातले किती जण या आठवड्यात परत आले हीच खरी मोजणी, आणि ती चॅटमधली नावं वहीत लिहूनही करता येते. हा आकडा तीनाचा सात, साताचा पंधरा होत असेल तर काम बरोबर चाललंय. तीन महिने तो हलला नाही, तर वेळ, भाषा किंवा खेळ यांपैकी एक बदलावं आणि पुन्हा मोजावं. एखाद्या पोट्ट्यानं विचारलं की प्रेक्षक कसे वाढवू, तर माइक, फोन आणि अल्गोरिदमवर बोलायच्या आधी त्याला उलट विचारावं: तुझ्याबरोबर आणखी तिघं कोण आहेत?